तिसऱ्या हाकेपर्यंत

भूल दिलेल्या माणसाचे डोळे उघडे राहू शकतात, हे मला कॉलेजात येईपर्यंत माहीत नव्हतं. भूल म्हणजे झोप आणि झोप म्हणजे मिटलेले डोळे, एवढंच मी समजत होते. पहिल्यांदा पाहिलं ते एका रिक्षावाल्याला. शहागंजात रिक्षा उलटून त्याचा खांदा निखळला होता. औषध गेलं आणि तो बोलता बोलता मध्येच थांबला. डोळे मात्र उघडेच, छताकडे लागलेले. बुबुळं हळूहळू एका बाजूला सरकायची आणि परत यायची. वर कुणीतरी झोका घेतंय आणि हा ते बघतोय, असं वाटत होतं. मीही नकळत वर बघितलं. वर फक्त पंखा होता.

आमच्या भूलतज्ज्ञ मॅडमनी मागून माझ्या खांद्यावर टिचकी मारली. "डोळ्यांत काय बघतेस? आत्ता तिथं कुणी नाहीये. छातीकडे बघ."

ते वाक्य मी घरी जाईपर्यंत विसरू शकले नाही. 'आत्ता तिथं कुणी नाहीये.'

मी भूल तंत्रज्ञाचं शिकते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे मी नेमकं काय शिकते, हे घरी सांगताना मला नेहमी अडखळायला होतं. आईला मी असं सांगितलं होतं, की हात-पाय मोडलेला प्रत्येक माणूस ऑपरेशनला जात नाही. पुष्कळांचं हाड बाहेरूनच ओढून जागेवर बसवतात आणि वर प्लास्टर घालतात. ते जागेपणी सोसत नाही, म्हणून थोड्या वेळापुरती भूल देतात. हाड ओढणारा डॉक्टर वेगळा, भूल देणारा वेगळा. आणि आणखी एक माणूस लागतो, ज्यानं दुसरं काहीही करायचं नसतं, फक्त पेशंटचा श्वास बघायचा असतो.

"म्हणजे तू बघत बसतीस?" आई म्हणाली.

"हो."

"बसून का उभ्यानं?"

"उभ्यानं."

मग तिला ते काम वाटलं.

मॅडमनी मला एकदा विचारलं होतं, यात सगळ्यात घातक वेळ कोणती? मी म्हणाले, हाड ओढताना. त्या म्हणाल्या, "नाही. ओढून झाल्यावर. दुखत असतं तोवर ते दुखणंच माणसाला श्वास घ्यायला लावतं. हाड बसलं की दुखणं जातं, औषध मात्र अंगात असतंच. आणि नेमके तेव्हाच आपण सगळे सुटलो म्हणून प्लास्टरकडे वळतो. सगळे वळले तरी तू वळायचं नाहीस."

दुसरं काम हाक मारण्याचं. औषध किती खोल गेलंय ते बघायला पेशंटला हाक मारतात. ओ दिली, डोळे फिरवले, तर अजून वर आहे. यात माझी अडचण होती, कारण माझा आवाज. वर्गात हजेरीला मी 'येस मॅडम' म्हणायचे ते माझ्या पुढच्या बाकापर्यंतही जायचं नाही आणि माझी गैरहजेरी लागायची. मॅडम चिडून म्हणायच्या, "तुझा आवाज पोटातच राहतो का गं? पेशंटला हाक मारतेस का देवाला?"

हाकेचं आमच्या घरी वेगळंच आहे. माझे वडील चिकलठाण्याला एका कारखान्याच्या गेटवर असतात. आम्ही राहतोही तिथंच, पण मूळ गाव फर्दापूरच्या अलीकडचं. त्या बाजूला लहानपणापासून शिकवतात, की नुसती हाक ऐकू आली, माणूस दिसत नसला, तर लगेच ओ द्यायची नाही. पहिली हाक कुणाचीही असू शकते. दुसरीही असू शकते. माणूसच असेल तर तो तिसरी मारतो. ज्याला 'ते' म्हणतात, त्याला तिसरी मारता येत नाही. वडील अजूनही हे पाळतात. अंधार पडल्यावर फोनसुद्धा पहिल्यांदा वाजला की उचलत नाहीत. सुपरवायझर म्हणतो, "काका, तुम्हाला काय लग्नाची पत्रिका देऊन फोन करायचा का?" वडील नुसते हसतात.

कॉलेजात मी हे कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. लाज वाटायची. खरं तर मी स्वतःही पाळायचे, म्हणून जास्त वाटायची.

ती बाई आली तेव्हा उन्हाळा होता, दुपारची वेळ. प्लास्टरची खोली आमच्या कॉरिडॉरच्या टोकाला आहे. खिडकीच्या काचा अर्ध्यापर्यंत पांढऱ्या रंगवलेल्या, त्यामुळे आतला उजेड दुधासारखा पडतो. कोपऱ्यात सिमेंटचं हौदासारखं बेसिन आणि त्यावर एक नळ. नळ उघडाच ठेवलेला होता. इथं सगळेच ठेवतात, पाणी आलं की आवाज व्हावा म्हणून. त्या दिवशी पाणी नव्हतं. प्लास्टर भिजवायला शेजारी बादली भरून ठेवली होती.

बाई साठीच्या पुढची. मनगट उलथन्यासारखं वाकलेलं, बोटं गार पडत चाललेली, म्हणून थांबण्यात अर्थ नव्हता. मोडलेल्या हातातल्या बांगड्या सिस्टरनी काढल्या होत्या. एक हात भरलेला आणि एक रिकामा, असं तिला बघताना कसंतरी वाटत होतं. दारात सून उभी.

"जेवलात कधी, माय?" मी विचारलं. आमच्याकडे त्या वयाच्या बाईला माय म्हणतात, ते तोंडातून आपोआप गेलं.

"सकाळची भाकर. उजाडायच्या आधी."

"नंतर काही? चहा, साबुदाणा?" साबुदाण्याचं मुद्दाम विचारावं लागतं. उपवासाचं खाल्लेलं कुणी खाण्यात धरत नाही.

"सुनंला इचार. तिनं घोटभर पाणी बी नाय दिलं."

"दवाखान्यात आणायचं म्हणून नाय दिलं हो आत्या," सून दारातून म्हणाली. "आता सांगा साऱ्या गावाला, सुनंनं उपाशी मारलं."

"साऱ्या गावाला ठावंच हाय ते."

सून हसत एक्स-रे आणायला गेली. ती गेल्याबरोबर बाईचा चेहरा बदलला. तिनं चांगल्या हातानं माझा अॅप्रन धरला.

"तू कुठली गं, लेकरा?"

मी गाव सांगितलं. तिचं गाव तिथून जवळच निघालं.

"मग तुला सांगते. सुनंला नाय सांगितलं. मी पडले ना, ती हाक ऐकून पडले. 'टँकर आलाऽऽ, चल लवकर.' घागर घेतली आन् पळाले. ओट्यावरून पाय घसरला. पडल्या पडल्या बघते, तर रस्त्यावर कुत्रं नाय. टँकर आज आलाच नाय, बाई."

"मग हाक कुणी मारली?"

"आवाज जावंचा व्हता. थोरली जाऊ माझी. पाण्याला आम्ही कायम जोडीनंच जायचो."

"त्यांना विचारलंत?"

"तिला जाऊन लई दिवस झाले."

तीच पुढे बोलली, एकदम हळू. "उभ्या जन्मात पहिल्या हाकंला ओ दिली नाय मी. आज दिली, तर हात मोडला. आता तुम्ही मला झोपवणार. झोपंत तिनं परत हाक मारली तर मला कळायचं कसं? पुन्हा ओ दिली तर मी परत यायची नाय."

"आम्ही हाका मारत राहू ना तुम्हाला."

"नाव घेऊन मारू नको. नाव तिला बी ठाव हाय. माय म्हण. आन् तीन मार. दोनावर थांबलीस तर मी यायची नाय, आधीच सांगते."

मी हो म्हणाले. मग बराच विचार केला आणि मॅडमना जाऊन सांगितलं. टँकरचं नाही, फक्त तीन हाकांचं. वाटलं होतं, त्या हसतील. त्या सिरिंजमध्ये औषध भरत होत्या. म्हणाल्या, "आमच्याकडेही म्हणायचे असं काहीतरी. मार की तीन. त्यात काय बिघडतंय? नाहीतर दोन हाकांना गप्प राहिली म्हणून आपण खोल गेली समजायचो."

आणि तसंच झालं असतं. पहिलं औषध गेल्यावर बाईचे डोळे स्थिर झाले. हाडांचे डॉक्टर मनगट धरून तयार होते. मी म्हणाले, "माय." काही नाही. थोडं थांबून पुन्हा "माय." काही नाही. डॉक्टर म्हणाले, "झालं ना? ओढू?" मी तिसऱ्यांदा हाक मारली आणि तिच्या घशातून बारीक "ओ" आली.

मॅडमनी हातानंच डॉक्टरांना थांबवलं आणि अगदी थोडं औषध आणखी दिलं.

मग तिन्ही हाका कोऱ्या गेल्या. डोळे उघडे होते, बुबुळं सावकाश फिरत होती. आणि फिरता फिरता ती एका ठिकाणी थांबली. कोपऱ्यात, नळाच्या बाजूला. मी आता हाक मारली नव्हती. कुणीच मारली नव्हती. खोलीत ऑक्सिजनच्या बारीक सूं आवाजाशिवाय काही नव्हतं. आणि ती स्पष्ट, रोजच्या आवाजात, जरा घाईनं म्हणाली,

"व्हय, आले. आले."

माझ्या मानेवरून काटा सरकत गेला. हाडांचे डॉक्टर हसले. "कुणाला सांगतायत या?"

"बोलतात पेशंट या औषधात," मॅडम म्हणाल्या. "ओढा तुम्ही."

मी नळाकडे बघितलं. नळ कोरडा होता, तोंडाशी थेंबसुद्धा नव्हता.

मदतनीसानं कोपर धरलं, डॉक्टरांनी हात ओढला. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. मनगट सरळ दिसायला लागलं. डॉक्टर म्हणाले, "बसलं," आणि खोली एकदम सैल झाली. डॉक्टर प्लास्टरच्या पट्टीकडे वळले, मदतनीस बादलीकडे. मॅडम सिरिंज ठेवायला ट्रॉलीकडे.

मी वळले नाही. पण कबूल करायला हवं, मी छातीकडे बघत नव्हते. मी तिचे डोळे बघत होते. ते अजून नळाकडेच होते, पण आता त्यांत बघणं राहिलं नव्हतं.

मग मॉनिटरच्या पडद्याकडे बघितलं. ऑक्सिजनचा आकडा चांगला होता. श्वासाची रेषा मात्र, जी प्रत्येक श्वासाला टेकडीसारखी वर येते, ती सपाट जात होती. नाकाशी लावलेली नळी सरकली तरी असं होतं, म्हणून मी नळी नीट केली. रेषा सपाटच. तिची छाती हलत होती, पण काहीतरी उलटं होतं. पोट वर आलं की छाती आत जात होती. मी तळहात तिच्या ओठांजवळ नेला. वारा नव्हता. ऑक्सिजनचा आकडा उशिरा उतरतो, हे मला शिकवलेलं होतं. म्हणजे पडद्यावर सगळं छान दिसत होतं आणि बाई श्वास घेत नव्हती.

मी म्हणाले, "मॅडम." ते माझं मलाच ऐकू आलं नाही. बादलीत पट्टी बुडवल्याचा आवाज झाला. मी पुन्हा म्हणाले, "मॅडम." त्या डॉक्टरांशी काहीतरी बोलत होत्या.

आणि मग मी ओरडले. असं ओरडणं माझ्यातून त्याआधी कधी निघालं नव्हतं. "मॅडम! श्वास नाहीये!"

कॉरिडॉरमध्ये कुणाच्या तरी हातातून स्टीलचं काहीतरी पडलं. मॅडम बोलत असलेला शब्द अर्धा टाकून आल्या. तिच्या जबड्याच्या दोन्ही कोपऱ्यांत बोटं घालून त्यांनी जबडा वर उचलला. मागे पडलेली जीभ सुटली. घोरल्यासारखा एक मोठा आवाज आला आणि थांबला. मॅडमनी हवेचा फुगा जोडलेला मास्क तिच्या तोंडावर धरला, मला म्हणाल्या, "फुगा दाब. हळू. छाती उचलली की सोड." मी दाबत राहिले. सिस्टर धावत आल्या. मग रेषेवर एक टेकडी आली. माझीच, फुग्याची. मग आणखी एक. मग मॅडम म्हणाल्या, "थांब." मी थांबले. आणि एक टेकडी आपोआप आली.

प्लास्टर झालं. बोटं गरम झाली, नखं दाबली की गुलाबी होत होती. हाडांचे डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे गेले. मॅडम म्हणाल्या, "आता घाई करायची नाही. औषध उतरू दे. तू इथंच थांब, हात तिच्या तोंडाशी ठेव. मी इथंच आहे."

मी तिन्ही हाका मारल्या. ओ नाही. थोड्या वेळानं परत तिन्ही. नाही. दारातून सून विचारत होती, "आत्या बोलंनात का?" मॅडम तिला समजावत होत्या. माझ्या तळहातावर तिचा श्वास येत होता, कोमट, बारीक. तरी मला सारखं वाटत होतं की श्वास इथं आहे आणि बाई इथं नाही. ती 'आले' म्हणाली होती. कुणीतरी बोलावलं, ती हो म्हणाली. आता मी मागून हाका मारतेय.

तेवढ्यात कोपऱ्यातला नळ खोकला. आधी नुसती हवा फुरफुरली, मग तांबूस पाणी आलं, मग धार लागली. आम्ही दोघी दचकलो. मॅडमनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली.

मी तिच्या कानाशी वाकले. "माय." थांबले. "माय." थांबले. तिसरी हाक मारायला मला भीती वाटली, हे खरं. तीही कोरी गेली तर पुढे काय, ते मला माहीत नव्हतं.

"माय."

"ओ," ती म्हणाली. डोळे माझ्यावर आले. बघणारे डोळे.

सून आत आली, रडली, तिच्या तोंडावरून हात फिरवला. मग तिला बिल-औषधाचं बघायला बोलावलं. बाईनं मला जवळ बोलावलं.

"मी मधी कुणाला ओ दिली का गं?"

हाच प्रश्न येणार, हे मला माहीत होतं. नाही म्हणणं सोपं होतं, आणि ती बिचारी निवांत घरी गेली असती. पण मी तिला शब्द दिला होता आणि खोटं बोलताना माझा आवाज आणखीच आत जातो.

"दिलीत, माय. आम्ही कुणी हाक मारली नव्हती. तुम्ही 'आले' म्हणालात."

ती घाबरली नाही. तिला आठवत असावं. "तिथंच उभी व्हती," तिनं नळाकडे मान हलवली. "घागर कमरंला. म्हणली, पाणी आलंय, चल. आता पाण्याला कुणी तीन हाकांची वाट बघतंय का, बाई? तिला बी ठावं. म्हणून पाण्याचीच हाक मारती." तिनं ओठांवरून जीभ फिरवली. "निघालेच व्हते मी. तेवढ्यात तू बोंबललीस."

"मी तुम्हाला नाही, मॅडमना ओरडले."

"कुणाला का आसंना. मला वाटलं, घरात पोर भाजली. मागं वळून बघितलं. मग ती म्हणली, जा मग. आन् एकटीच गेली." मग तिनं कान दिला. "नळ खरंच चाललाय का मलाच ऐकू येतंय?"

"खरंच चाललाय."

"मग भरून ठेव की! बघत काय बसलीस?"

मी हसले आणि रडलेही. उठून बादली लावली.

नंतर मॅडमनी मला नीट समजावून सांगितलं. त्या औषधात माणसं बघतात, बोलतात. कान बराच वेळ उघडे असतात. पाणी यायच्या आधी पाइपात हवा सरकते, ती तिनं ऐकली असेल, आपल्याला नाही आली ऐकू. मला ते पटलं. पण सांगता सांगता मॅडमनी स्वतः उठून नळ बंद केला, बादली अर्धीच भरलेली असताना. तेव्हापासून भूल द्यायच्या आधी त्या खोलीतला नळ घट्ट फिरवतात. पेशंटला आवाजाचा त्रास नको, असं मॅडम सांगतात. माझ्या हजेरीबद्दल मात्र त्या आता काही बोलत नाहीत.

बाई प्लास्टर काढायला आली तेव्हा ठणठणीत होती. सुनेशी भांडतच आली. मला बघून म्हणाली, "ही बघ, बोंबलणारी." जाताना कानाशी येऊन म्हणाली, "आता टँकर डोळ्यांनी बघितल्याबिगर घागर उचलत नाय मी. शेवटला नंबर लागतो. लागू दे."

आमच्या चिकलठाण्याच्या गल्लीतल्या नळालाही पाणी कधी येईल ते सांगता येत नाही. ज्याला पहिल्यांदा दिसतं तो ओरडतो, आणि सगळे पळतात. बाकी हाकांना थांबले तरी पाण्याच्या हाकेला मी कायम सगळ्यांत पुढे असायचे. आता माझे पाय पहिल्या हाकेला उचलत नाहीत. आई वैतागते, "कॉलेजात जाऊन बहिरी झाली का गं?" तिसऱ्या हाकेला मी उठते. आमचं पिंप हल्ली भरत नाही.

मध्ये एकदा मी घरी एकटीच अभ्यास करत होते. बाहेरून आईची हाक आली, "पाणी आलंय, चल." मी पुस्तकावर बोट ठेवून थांबले. दुसरी हाक येईना. मी थांबूनच राहिले. बऱ्याच वेळानं आई बाजारातून आली, पिशवी खाली ठेवली, आणि मला तशी बसलेली बघून म्हणाली, "काय गं, काय झालं?"

मी बाहेर जाऊन गल्लीतला नळ बघितला. कोरडा होता. मग मी तो बंद केला.